पाल्याला चव कुणी आणली?

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी मुंबईहून मुरब्याला आली तेव्हा तिच्या पिशवीत एक पाकीट होते. आत गर्द हिरवी, कडेला झालर लावल्यासारखी कुरळी पाने. नाव 'केल'. कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी ही विलायती पालेभाजी आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळते, आणि प्रकृतीची काळजी करायला ज्यांना सवड आहे अशा घरांतून ती खाल्ली जाते. पाकिटावर जी किंमत होती तेवढ्यात बोईसरच्या बाजारात मेथीच्या पाच-सहा जुड्या सहज आल्या असत्या. मुलीची तक्रार किमतीची नव्हती. ती म्हणाली, "आज्जी, हे अंगाला चांगलं असतं म्हणे, पण घशाखाली उतरत नाही. गवत चावल्यासारखं लागतं. ह्याला चव कशी आणायची?"

माझी माय ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिने एक पान तोंडात टाकले, सावकाश चावले आणि गिळले. "कडू हाय, पर मरणाचं न्हाई," एवढेच म्हणाली. मग तिने प्रत्येक पानाची मधली जाड शीर ओढून बाजूला काढली. पाने हातानेच फाडली, परातीत घेऊन मीठ टाकून चोळली आणि पाणी सुटेपर्यंत तशीच ठेवली. तोवर मूठभर जवळा तव्यावर कोरडा भाजून, चोळून, पाखडून, पाण्यातून काढून घेतला. लोखंडी कढईत पळीभर तेल, त्यात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची. लसूण तांबूस झाल्यावर जवळा, त्यावर पिळून घेतलेला पाला. झाकण ठेवले नाही. उतरवताना चिंचेचा कोळ आणि शेंगदाण्याचे कूट. आम्ही चौघे जेवलो आणि कढई पुसून घेतली.

मुलीने विचारले, "आज्जी, हा पाला तू आयुष्यात पहिल्यांदा बघितलास. मग हे कुठं शिकलीस?"

"निम्मं तुझ्या पणजीनं शिकवलं, निम्मं ह्या शेजारणीनं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवली. शिवकालीन धान्याचे भाव, दुष्काळांची साले, सारापद्धती हे सगळे फळ्यावर लिहिले. पण पाल्याला चव कुणी आणली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडला नाही याचे कारण सरळ आहे. ज्या कागदांतून इतिहास लिहिला जातो त्या कागदांत पाला नाही. धान्यावर सारा होता म्हणून धान्य दप्तरात आले. बलुत्याची भाकर हक्क-लाजिम्यांत आली. पाल्यावर कुणाचा सारा नव्हता आणि कुणाचे देणे नव्हते. तो बायकांनी खुडला, शिजवला, पोरांनी खाल्ला आणि विषय संपला.

आपल्या साहित्यातही तो तसा मागेच राहिला. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) ही पुस्तके आली आणि आमच्या ताटात काय होते हे प्रथमच उघड झाले. पण वाचकाचे, विशेषतः पांढरपेशा वाचकाचे, लक्ष खिळले ते मेलेल्या जनावराच्या मांसावर, वाळवलेल्या चान्यांवर, मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर. त्याला धक्का हवा होता, तो त्याला तिथे मिळाला. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाकडे स्वयंपाक म्हणून, पद्धत म्हणून पाहिले गेले. एरवी आमचे अन्न हा एक तर किळसेचा विषय होता किंवा करुणेचा. दोन्हींत चवीला जागा नाही.

आता मायच्या वाक्यातले पहिले निम्मे घेऊ.

माझी आजी बीड जिल्ह्यातल्या एका गावातली. गावाचे नाव इथे महत्त्वाचे नाही, अशी गावे शेकड्यांनी होती. आमच्या वस्तीला जमीन नव्हती. गायरान होते आणि दुसऱ्यांची शेते होती. पावसाळ्यात गायरानावर तरोटा उगवे, बांधावर तांदुळजा, पाणथळ जागी घोळ, रब्बीत शेतांमधून पाथरी आणि चाकवत. या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तरोटा फक्त पहिल्या पावसानंतरचा, चार-सहा पानांचा कोवळा असेपर्यंतच घ्यायचा. पुढे तो उग्र होतो. घोळ धुता धुता हात दुखतात, कारण त्याच्या रसरशीत देठांत माती बसते. पाथरी कच्चीच चांगली. अंबाडी आंबट, म्हणून ती उकडून पाणी काढायचे, कण्या घालायच्या आणि वर लसणाची फोडणी द्यायची. चार प्रकारचा थोडा थोडा पाला मिळाला तर मूठभर डाळ घालून शिजवायचा आणि हाटून त्याचे गरगट्टे करायचे. असे केले की एकाचा कडवटपणा दुसऱ्याच्या बुळबुळीतपणात बुडतो. कच्चा पाला असेल तर घोळाणा: बारीक चिरायचा, मीठ-तिखट घालून हाताने मुरडायचा, कांदा, शेंगदाण्याचे कूट आणि असलेच तर तेलाचे दोन थेंब. केलवर मीठ चोळणारा मायचा हात हाच. मुलगी सांगत होती, परदेशी स्वयंपाकी हल्ली केलची कच्ची पाने तेल-मीठ लावून हाताने मळतात, म्हणजे ती नरम पडतात. ही युक्ती तिकडच्या पुस्तकांत असेल. आमच्याकडे ती परातीत होती.

यातली एक गोष्ट मला विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्या खेड्याची सगळी व्यवस्था दिसते. ती म्हणजे हरभऱ्याचा पाला. हरभरा वीत-दीड वीत वाढला की त्याचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की झाड उंच जाण्याऐवजी फुटवे धरते आणि घाटे जास्त लागतात. म्हणजे खुडणी ही शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. शेतीचे शास्त्रही हेच सांगते. ही खुडणी आमच्या बायका करीत. दिवसभर वाकून शेंडे खुडायचे. पानांवरची आंब बोटांना चरचरते, भेगा असल्या तर आगच होते. मोबदला काय, तर खुडलेला पाला. आणि तोही 'दिला' असे म्हणून मिळायचा. मालकाचे घाटे वाढवून वर त्याचे उपकार घ्यायचे! न विचारता कुणी मूठभर खुडले तर ती चोरी. काम तेच, शेंडे तेच, झाडाला होणारा फायदा तोच. फरक एवढाच की एकदा हुकमाने खुडले आणि एकदा स्वतःच्या मनाने. माझ्या आजीला यापायी बांधावर उभे करून शिव्या दिलेल्या मायने पाहिल्या आहेत.

तो पाला घरी आला की मात्र तिथे कुणाचा हुकूम नव्हता. ताजा असेल तर त्याच आंबेवर घोळाणा व्हायचा. तिला चिंच-लिंबू लागत नाही. उरलेला आजी छपरावर वाळवी. उन्हाळ्यात हिरवे पान दिसत नसे तेव्हा वाळला पाला चुरून, ज्वारीचे पीठ लावून, भाजलेली मिरची घालून त्याची पातळ भाजी होई. भाकर चुरायला तेवढी पुरे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण कोणत्या पाल्याचे पाणी टाकायचे आणि कोणत्याचे आटवायचे यात तिची चूक झाल्याचे मायला आठवत नाही.

मला वाटते, आपण चळवळीतल्या माणसांनी इथे एक फरक नीट केला पाहिजे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असे बजावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, पुन्हा महाडलाच, ते बायकांशी वेगळे बोलले तेव्हाही लुगडे नेसण्याच्या तऱ्हेबरोबर मेल्या जनावराच्या मांसाला घरात जागा देऊ नका हे त्यांनी सांगितले. हा नकार अन्नाला नव्हता, अन्न ज्या नात्याने दारात येते त्या नात्याला होता. फेकलेला तुकडा घेणारा हात खाली असतो. पाला या नात्याबाहेरचा होता. गायरानावरचा तरोटा कुणी फेकलेला नव्हता आणि कुणी वाढलेला नव्हता. तो बाईने स्वतः ओळखला, स्वतः खुडला. १९५६ नंतर आमच्या वस्तीने येसकरपाळीची भाकर सोडली तेव्हा त्या रिकाम्या टोपलीत पहिले काही महिने पालाच असे, असे माय सांगते. वस्तीतल्या पुरुषांची भाषणे त्या काळात झाली, ती आम्हाला ठाऊक आहेत. नकार पेलायचा तर चूल पेटती राहावी लागते, आणि ती कशी पेटती राहिली याची नोंद कुणी केली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमिनींची मागणी करणाऱ्या त्या रांगांत बायका एवढ्या संख्येने का होत्या, याचे एक उत्तर मला या टोपलीत दिसते. त्या जमिनीची पाने त्यांना पुरुषांच्या आधीपासून ओळखीची होती.

पण मी पाल्याचे गोडवे गाणार नाही. कारण १९७२ मला आठवते.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पाऊस नाही म्हणजे पालाही नाही, हे शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. त्या वर्षी गायरान तांबडे पडले होते. माय-बाप दोघेही खडी फोडायला दुष्काळी कामावर. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकर थापताना फुटे आणि खाताना घशात अडके. १९७३ चा पाऊस पडला आणि आठवड्याभरात सगळीकडे तरोटा वर आला. मग तरोटाच. सकाळी तरोटा, संध्याकाळी तरोटा. मीठ होते. तेल नव्हते. लसूण नव्हता. शेंगदाणे तर बाजारात बघायचे. मीठ-पाण्यात उकडलेला तरोटा पोरे पहिल्या दिवशी खात, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवत, आणि पाचव्या दिवशी मार खाऊन खात.

त्याच पावसाळ्यात माझी धाकटी बहीण, तेव्हा चार वर्षांची, दिवेलागणीला भिंतीला हात लावून चालू लागली. तिला अंधारात दिसेनासे झाले होते. पुढे तालुक्याहून आलेल्या नर्सबाईंनी तिला औषधाचा डोस पाजला आणि ती बरी झाली. मुलांचे अंधत्व टाळण्यासाठी अ जीवनसत्त्व पाजण्याचा कार्यक्रम देशात १९७० मध्येच सुरू झालेला होता. आमच्या वस्तीपर्यंत तो त्या दिवशी पोचला.

हे मला कळायला पुढे वीस वर्षे लागली: हिरव्या पाल्यात जे द्रव्य असते, ज्याचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. जेवणात स्निग्ध काहीच नसेल तर त्यातले फारच थोडे अंगी लागते. वर्षभराच्या उपासमारीने झालेल्या आजाराचे सगळे खापर मी एका तेलाच्या थेंबावर फोडणार नाही. पण दिवसातून दोनदा हिरवा पाला खाणारी पोर रातांधळी होते, याचा अर्थ लावायचा तर तो थेंब हिशेबात धरावाच लागतो. दुष्काळी कामावरच्या बायकांनी एकदा गोडेतेल द्या म्हणून मागणी केली होती. तिथला एक माणूस हसून म्हणाला होता, "पाल्याला तेल कशाला लागतं?" मायने हे वाक्य मला अनेकदा सांगितले आहे, दर वेळी त्याच शब्दांत.

गरिबाने पोट भरावे, चव मागू नये, ही समजूत त्या एका माणसाची नव्हती. ती धान्याची मदत ठरवणाऱ्यांची असते, आश्रमशाळांच्या जेवणाचे दर ठरवणाऱ्यांची असते, आणि कधी कधी आपल्या स्वतःच्या शिबिरांत भाजी पातळ करणाऱ्या कार्यकर्त्याचीही असते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालके कुपोषणाने मेली तेव्हा जंगलात एवढ्या भाज्या असताना हे लोक उपाशी कसे, असे विचारणारे सुशिक्षित मला पालघरच्या फलाटावर भेटले होते. जंगलात भाजी असते. तेल दुकानात असते.

दुसरे निम्मे मुरब्याचे.

मी १९८८ मध्ये या भागात शिक्षक म्हणून आलो. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू होते, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मराठवाडा-विदर्भातून आलेली आमची पुष्कळ माणसे राबत होती, त्यामुळे १४ एप्रिलला एकटे वाटले नाही. मी मात्र खोली घेतली ती मुरब्यात, खाडीच्या अलीकडे. पलीकडे सातपाटी. माय आणि मी आलो तो उन्हाळा होता आणि वाळूवर जवळा वाळत घातला होता. मायने नाकाला पदर लावला. "इथं ऱ्हायाचं?" म्हणाली.

पहिल्या पावसात ती घरामागे गेली आणि ओरडली, "आरं, हितं बी तरोटा!" शेजारची मांगेला बाई तिच्या ओरडण्याने बाहेर आली. तिच्या लेखी तो टाकळा. दोघी एकाच रोपाकडे बोट दाखवून दोन नावे घेत होत्या. मायने सांगितले की आम्ही हा खाल्लेला आहे, आता खाणार नाही. शेजारणीने विचारले, कसा करता? उकडून. फक्त उकडून? ती हसली नाही. ती घरात गेली आणि मूठभर जवळा, अर्धी नारळाची वाटी आणि लसणाचा गड्डा घेऊन आली. आमच्या चुलीवर तिने टाकळा केला. उग्र वास येतो तो मारायला जवळा. जवळ्याला भाजून घेतले नाही तर जवळ्याचाच वास उरतो, हेही तिने दाखवले. मग तिने पळीतले थोडे स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखले आणि मायपुढे तीच पळी धरली. आमच्या गावी असे कुणी केले नव्हते. मायने ते चाखले की नाही हे मला आठवत नाही. पळी मात्र आठवते.

सुकी मासळी ही या किनाऱ्याची मोठी सामाजिक गोष्ट आहे असे माझे मत झाले आहे. ओली मासळी मुंबईला जाते, पैसे असणाऱ्याकडे जाते. जवळा, सुकट, वाकट्या, बोंबील टोपलीतून उलट्या दिशेला, पूर्वेला डोंगराकडे जातात. किनाऱ्यावरच्या बायकांनी ही टोपली आठवडेबाजारात न्यायची, पैशाने नाही तर भाताने, कडधान्याने विकायची, आणि येताना रानातला पाला आणायचा, असा व्यवहार म्हाताऱ्या माणसांनी मला सांगितला. पाल्याच्या भांड्यात बोटभर सुकट पडली की भाजीला मांसाहाराची चव येते, वर अंगाला सत्त्व मिळते. ज्याला मटण परवडत नाही त्याने आपल्या जिभेशी केलेला हा तह आहे.

त्याच बाजारात पावसाच्या तोंडाला वारली आणि इतर आदिवासी बायका शेवळे आणतात. शेवळे म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानटी वनस्पतीचा, पान येण्याआधी जमिनीतून वर येणारा फुलोरा. तो तसाच शिजवून खाल्ला तर घसा सुजतो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून बाई जुडीबरोबर काकडे देते, एका रानझाडाची आंबट हिरवी फळे. त्यांचा रस घातला की खाज जाते. काकडे न घेता जुडी मागितली तर ती विकत नाही. एका बाईने मला असे परतवले आहे. आता गंमत पाहा. शेवळाची कणी, त्यात सोडे किंवा खिमा, ही ठाणे-मुंबईच्या जुन्या कायस्थ आणि पाठारे प्रभू घरांतली मानाची भाजी. पाककृतींच्या पुस्तकांत ती त्या घरांच्या नावाने नोंदली गेली. ज्या बाईने कोणत्या विषाला कोणता उतारा हे शोधले, तिचे नाव राहू द्या, तिच्या जमातीचेही नाव पाककृतीवर नाही. ती 'भाजीवाली'.

आणि ती रानात जाते ते कुणाच्या परवानगीने? महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना हा प्रश्न मांडलेला आहे. पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरी आसपासच्या डोंगरांतली उंबर-जांभळे खाऊन, पळस-मोहाची फुले-पाने विकून दिवस काढी. जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, कुरणे ताब्यात घेतली आणि तो आधार गेला, असे ते सांगतात. याच ठाणे जिल्ह्यातून आणि कुलाब्यातून जंगलबंदीविरुद्ध एवढ्या तक्रारी गेल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्यात वाद मुख्यतः राबाचा, म्हणजे भाताच्या रोपासाठी फांद्या तोडून भाजण्याचा. भाजीच्या पाल्यासाठी आयोग कोण नेमणार? रानातली कंदमुळे-पाने गोळा करण्याचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

केलचे स्वतःचे कूळही काही उमरावाचे नाही. युरोपातल्या थंड मुलखात, विशेषतः स्कॉटलंडमध्ये, गरिबाच्या झोपडीमागे केलचा वाफा असे. कडक हिवाळ्यात दुसरे काही टिकत नाही तेव्हा हे टिके, आणि हिमाचा तडाखा बसला की त्याचा कडवटपणा उतरून पान गोडसर होई. त्याचाच भाऊ 'कॉलर्ड'. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांनी तो डुकराच्या पायाच्या, हाडकाच्या, म्हणजे मालकाने न घेतलेल्या तुकड्यांबरोबर तासन्‌तास शिजवला, वर तिखट आणि शिरका घातला, आणि खाली उरलेले पाणीही मक्याच्या भाकरीशी खाल्ले. मी हे वाचले तेव्हा मला शेजारणीचा टाकळा आठवला. कडू पान, थोडी चरबी, थोडे खारवलेले मांस, शेवटी आंबट. दोन समुद्रांच्या दोन टोकांना, एकमेकांना कधीही न भेटलेल्या बायका एकाच हिशेबाला आल्या. दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांच्यापासून नाव घेतले त्या ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ पासून ओकलंडमध्ये काळ्या मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांची कविता वाचली. न्याहारी आपल्या हातून राहून गेली, असे मला कधी कधी वाटते.

त्याच अमेरिकेत गेल्या दहा-पंधरा वर्षांत केल श्रीमंतांची भाजी झाली आणि तिथून ती आपल्याकडे आली. आपल्याकडेही रानभाज्यांना बरे दिवस आले आहेत. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतो. चांगली गोष्ट आहे. मी जातो, विकत घेतो. पण तिथे टाकळ्याचे गुण सांगणारा फलक असतो आणि फलकामागे एक बाई गप्प बसलेली असते. तिला कुणी माईक दिलेला मी अजून पाहिला नाही. आणि पाल्याची जागाही आता तीच राहिलेली नाही. बोईसरच्या नाल्यांच्या कडेचा पाला माय खुडू देत नाही. पाण्याचा रंग बघून तिने ते ठरवले, तिला प्रयोगशाळा लागली नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मुरब्यातही नव्या बंदराचा प्रस्ताव आहे आणि त्याला मच्छिमारांचा विरोध आहे. त्या वादात मासेमारीच्या हद्दी, बोटी, भरपाई हे शब्द वारंवार येतात. जवळा वाळवायची वाळू हा शब्द कुठल्या कागदात येईल का, हे मी बघतो आहे.

राहिली एक गोष्ट. माय टाकळा उत्तम करते. शेजारपाजारच्या सुना तिच्याकडून शिकून गेल्या. पण ती स्वतः तो खात नाही. १९७३ नंतर तिने तरोट्याचे पान तोंडात घातलेले नाही. मीठ बरोबर आहे का ते बघायलाही नाही. ते ती दुसऱ्या कुणाला चाखायला लावते. माझ्यासारख्याने या पाल्यावर लेख लिहिताना हे सांगितले नाही तर तो लेख खोटा होईल. ज्ञान तिचे आहे, आणि तिला त्याची चव नको आहे.

केल मात्र तिने खाल्ली. त्या रात्री मुलगी वही घेऊन तिच्यापुढे बसली. शीर काढणे, मीठ चोळणे, पिळणे, जवळा भाजणे, सगळे ओळीने लिहून घेतले. तेलाशी आल्यावर तिने विचारले, "तेल किती लिहू?" माय म्हणाली, "पळीभर." मुलीने 'एक छोटा चमचा' असे लिहिले, हल्ली त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे तसे असते. मायला वाचता येत नाही. तिने सगळे पुन्हा वाचून दाखवायला लावले. चमच्याशी आल्यावर तिने मुलीचा हात धरला. "ते खोड," म्हणाली. मुलगी हसली, पण माय हसली नाही, तेव्हा तिने ते खोडले आणि वर 'पळीभर' लिहिले. माय वहीत डोकावून, ती खाडाखोड झाली की नाही हे बोटाने चाचपून बघत होती.